गुपचूप दिलेली लस

मी काय करून बसले, हे कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्याला नाही, पोरीलाही नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही आमच्या गावचे नाही.

पारोळ्याजवळच्या या गावात मी अंगणवाडी चालवते. बाया मला अक्का म्हणतात, माझं ऐकतात. फार ऐकतात — तिथंच घोळ झाला.

माझी थोरली बहीण धुळ्यात वारली. गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर. अंगावरून जायचं ते तिनं लाजेपायी लपवलं. शेवटी वासामुळे तिच्या खोलीत पोटची पोरंही थांबेनात. कपडे मी धुतले. म्हणून डॉक्टरांनी या आजाराच्या लसीचं सांगितलं, तेव्हा कॉलेजातल्या माझ्या पोरीला जळगावला नेऊन ती दिली. दंड दुखला, बस्स.

पण गुपचूप. का? तिची सोयरीक भडगावला चालली होती. आमच्याकडे पाहुणे आधी गल्लीत चौकशी करतात, आणि गल्लीत बोलवा होती — या लसीनं पोरगी वांझ होते. हे थोतांड आहे, जगभर पोरींना ही लस देतात, हे मी डॉक्टरांना खोदून खोदून विचारलं होतं.

थोड्याच दिवसांत एका संस्थेनं शाळेत तीच लस फुकट आणली. आया माझ्या ओट्यावर जमल्या. शेजारच्या सुशीलानं विचारलं, "अक्का, तुमनी पोरले दिधी का?"

मी — मी म्हटलं, "नही व."

"घेऊ नका" असं काही म्हणाले नाही. ही पळवाट मी स्वतःला किती वर्षं देत आले! सुशीला तिच्या निशाचा हात धरून घरी गेली, मागोमाग बाकीच्या. लस तशीच परत गेली. आणि मला काय वाटलं, सांगू? हायसं वाटलं.

लग्न झालं. नातवाच्या बारशाला याच बायांनी पाळणा म्हटला. तेव्हा तरी बोलायचं ना? व्याह्यांसमोर जीभ उचलली नाही. माझी मलाच किळस येते.

आता सुशीलालाच तो आजार निघालाय. जळगावच्या दवाखान्यात तिला मीच नेते. परवा बसमध्ये तिनं माझ्या खांद्यावर मान टेकली.

"अक्का, मन्ही निशाले असं नको व्हवाले. काही उपाय ऱ्हाता तर तुम्ही सांगतातच ना माले?"

"हाव," मी म्हटलं.

तिला तशीच झोप लागली.