मोकळ्या आवारातले दोन एडके

माझ्या उजव्या मांडीत एक खळगा आहे. त्यात लिंबू बसतं. कुणी विचारलं तर मी कारखान्यातला अपघात म्हणून सांगतो, कारण मेंढपाळाच्या घरात जन्मून एडक्याचा मार खाल्ला म्हटलं की उरलीसुरली अब्रूही जाते. आज खरं लिहून टाकतो.

नव्वदीतली गोष्ट. मी माळेगावकडं साखर कारखान्यात हंगामी कामाला होतो. पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की चार-पाच महिने घरी, वरकुट्याला. घरी चुलते होते, त्यांना आम्ही आबा म्हणायचो. ऊस आला तसे भोवतालचे कळप मोडले. उरलेल्यांनी पांढऱ्या-तांबड्या माडग्याळी जातीचे एडके आणले, कारण त्यांची पिल्लं लवकर भरतात. आबांनी मात्र तीसेक काळ्याभोर दख्खनी मेंढ्या हट्टानं राखल्या होत्या. अंगावर पांढरा केस दिसला की ते जनावर कळपाबाहेर. त्या लोकरीच्या घोंगड्याला रंग द्यावा लागत नसे. आणि हे सगळं दोन एडक्यांवर उभं होतं. एकाच्या लेकी दुसऱ्याला दाखवायच्या, दुसऱ्याच्या पहिल्याला. तिसरा तसा काळा एडका पंचक्रोशीत उरला नव्हता.

त्या ज्येष्ठात आबांच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. तीन आठवडे ते बारामतीला लेकीकडं राहणार होते. जाताना म्हणाले, "कातरल्यावर दोघांस्नी दाटीत कोंड. मेंढ्यांच्या मधी, हलाय जागा ठिवू नको. दोन दिस."

मी व्हय म्हणालो आणि मनात हसलो. मी कृषी प्रदर्शनात हवेशीर गोठ्याचं चित्र पाहिलं होतं. आबा गेल्यावर तारेची जाळी आणून चांगलं ऐसपैस आवार बांधलं. मग कातर हातात घेतली. कातरणी उरकली तेव्हा दोन्ही एडक्यांच्या अंगावर लोकरीपेक्षा जखमांवर लावलेली हळदच जास्त होती. तसेच दोघांना मोकळ्या आवारात सोडले.

लहानपणापासून एकत्र चरलेले ते दोघे एकमेकांकडं परक्यासारखे बघू लागले. बायको मेंढपाळाच्या घरची. ती जाळीबाहेरून म्हणाली, "वळख गेली त्यांची. केस न्हाईत, वास न्हाई. आत जाऊ नका."

थोरला एडका एकेक पाऊल मागं सरत गेला. धाकटाही सरला. माझं आवार इतकं छान होतं की दोघांना दहा-बारा पावलं मागं जायला मिळालं. मग ते सुटले. आवाज पहारीनं खडक फोडावा तसा. दुसऱ्या धडकेला थोरल्याचं शिंग बुडातून चिरलं. तिसऱ्या धडकेला धाकट्याच्या नाकातून रक्त उडालं आणि जाळीपलीकडं बायकोच्या लुगड्यावर पडलं. दोघेही मान झटकायचे, पुन्हा शांतपणे मागं जायचे. मला भीती वाटली ती त्या शांतपणाची.

मी काठी घेऊन मधे शिरलो. काठी थोरल्याच्या कपाळावर मोडली. त्याला ती लागली असं काही दिसलं नाही. धाकट्यानं मला बाजूला करण्यापुरतंच मांडीत मारलं. मी जाळीच्या बुडाशी रचलेल्या बाभळीच्या काट्यांत जाऊन पडलो. उठलो तो डोक्यात अक्कल घेऊनच. जाळीवर आबांचं घोंगडं वाळत होतं. मी ते ओढलं आणि थोरल्याच्या डोक्यावर टाकलं. तो लगेच थांबला. अंधारात जनावर उभं राहतं, तसा मान वर करून गप उभा राहिला. मी बायकोकडं बघून हसलोसुद्धा.

धाकट्याच्या डोक्यावर घोंगडं नव्हतं. तो बारा पावलांवरून आला.

थोरल्याची मान मोडल्याचं घोंगड्याच्या आडूनही कळलं. पाय झाडत होता, मरत नव्हता. बायकोनं विळा आणून माझ्या हातात दिला. मला तेही एका घावात जमलं नाही.

आबा आले ते डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून. मी सांगितलं, लांडगा आला आणि थोरल्याला घेऊन गेला. आमच्याकडं माळावर लांडगे आहेतच, त्यामुळं थाप शोभून दिसली. आबा धाकट्याजवळ गेले. त्याच्या कपाळावरून बोटं फिरवली. कपाळ सुजून फुटलं होतं.

"ढुशा मारणारा लांडगा म्या अजून बघितला न्हाय," ते म्हणाले. "जागा दिलीस त्यांस्नी. दाटीत कुणी कुणाला मारत न्हाय. मागं सरायलाच गावत न्हाय."

धाकट्याला त्याच्याच लेकी दाखवता येत नाहीत. निम्मा कळप त्याच्याच लेकींचा. त्या तशाच रिकाम्या ठेवल्या असत्या तर त्या वर्षीची निम्मी पिल्लं बुडाली असती. आबांनी जन्मात केलं नव्हतं ते केलं, गावातला एक माडग्याळी एडका मागून आणला. दोघांना मेंढ्यांच्या दाटीत कोंडलं आणि मला म्हणाले, "तूबी जा आत. मधी हुबा ऱ्हा." सकाळपासून दिवस कलेपर्यंत मी त्या दोघांच्या मधे उभा होतो. वीतभर अंतरावरून दोघेही मला ढोसत होते, गुडघे सोलून निघाले. पण धावायला कुणालाच जागा नव्हती. दिवस कलताना दोघं एकमेकांना टेकून रवंथ करत बसले. उभा एकटा मीच होतो.

कार्तिकात मेंढ्या व्याल्या. मी कारखान्यावरून सुट्टीला आलो तेव्हा आबा नवा चष्मा लावून मेंढ्यांच्या वाड्याशी उभे होते. काळी पिल्लं सात झाली होती, सातही माद्या; पुढचा काळा एडका एकही नाही. बाकीची पांढरी, तांबडी, कबरी. एकाच्या कपाळावर तर नेमका धडक बसते तिथं पांढरा ठिपका होता. एरवी ते पिल्लू आबांनी त्याच दिवशी कुणाला तरी देऊन टाकलं असतं. आता त्यांनी ते उचलून आईच्या कासेला लावलं.

धाकटा एडका कोपऱ्यात एका बाजूला मान कलती ठेवून उभा होता. त्याची मान कायमची तशीच राहिली.

"ह्यो जितके दिस, तितकंच काळं," आबा म्हणाले. मग चष्म्यातून माझ्याकडं पाहिलं. "मांडी दुखती का अजून?"

मी व्हय म्हणालो.

"दुखू दे," ते म्हणाले, आणि घोंगडं खांद्यावर टाकून मेंढ्या सोडायला गेले.