शनिवारची बाटली

गव्हाची बिअर मी पहिल्यांदा प्यायले ती बंगळुरूला, ऑफिसच्या ट्रेनिंगला गेले असताना. बेल्जियन पद्धतीची, थोडी गढूळ, वर दाट फेस. त्यात धने आणि संत्र्याची साल घालतात. वास घेतला आणि मला ती आवडलीच.

पनवेलला परतले आणि अडचण झाली. आमच्या घरात दारूचं नाव काढायचं नाही. सासरे करंजाच्या बंदरावर बोट चालवायचे, ते दारूनेच गेले. तेव्हापासून सासूबाई आमच्याकडे राहतात. नवरा जहाजावर, सहा-सहा महिने बाहेर. दोन खोल्यांच्या घरात आम्ही दोघीच. शनिवारी दुपारी मी एक बाटली आणायचे, बेडरूमचं दार लावून प्यायचे, मग दात घासून बाहेर यायचे. दीड वर्ष हे असं चाललं होतं.

गेल्या मे महिन्यात बाटली घेऊन आले, तर लिफ्टपाशी सासूबाई भाजीची पिशवी घेऊन उभ्या. दोघी आत शिरलो. तिसऱ्या-चौथ्या मजल्याच्या मध्ये वीज गेली. वॉचमन खालून ओरडला, माणूस बोलावलाय, थांबा. आत अंधूक उजेड, वारा नाही. सासूबाईंना धाप लागली. त्या खाली बसल्या. माझी कापडी पिशवी त्यांच्या हाताला लागली, ती ओली गार होती. पाणी असेल म्हणून त्यांनी हात घातला आणि बाटली काढली. मला अडवताही येईना.

त्यांनी ती आधी कपाळाला लावली, मग मानेला. मग चाचपून पाहिली.

"दारू हाय?"

"बिअर आहे, आई."

"तू पितंस?"

"शनिवारी. एकच."

"कुठं?"

"खोलीत. दार लावून."

त्यांनी बाटली मांडीवर ठेवली. म्हणाल्या, "तुजा सासरा पन दार लावूनच पियाचा."

मला त्यांच्याकडे बघवेना, आणि दुसरीकडे बघायला जागा नव्हती. माणूस येऊन दार उघडेपर्यंत पाऊण तास गेला. तेवढा वेळ बाटली त्यांच्या मांडीवरच होती.

घरी आल्यावर मला वाटलं, आता सासूबाई ती मोरीत ओततील. त्यांनी ती फ्रीजमध्ये ठेवली. जेवणं झाल्यावर काढून टेबलावर ठेवली, शेजारी स्टीलचा पेला. म्हणाल्या, "हितं बस. माज्यासमोर पी. दार लावायचा नाय, बाय."

त्या समोर सुकट निवडत बसल्या. मी प्यायले. फेस तसाच होता, वासही तोच, पण घोट उतरेना. अर्धी बाटली उरली ती मी ओतून दिली.

आता दर शनिवारी असंच होतं. त्या स्वतःच पेला मांडतात. एकदा मी म्हटलं, आज नको. तर त्यांनी माझ्या खोलीत जाऊन कपाट उघडून पाहिलं. परत येऊन रिकाम्या पेल्यासमोर बसल्या. मी उठून फ्रीजमधून बाटली आणली.