कोऱ्या दंडाचा शिंपी

बाहीचं माप घ्यायला दंड हातात आला की मास्तरांना माणसाचं वय कळतं. दंडावर देवीच्या लशीचा वाटोळा व्रण असला, की माणूस त्यांच्या पिढीचा. त्यांचा स्वतःचा दंड मात्र कोरा. शाळेत त्यावरूनच 'कोरा' हे नाव पडलं, ते आजही चिकटून आहे. अर्धी गिऱ्हाइकं तर कोरे हे त्यांचं आडनावच समजतात.

त्या काळी देवी टोचल्याशिवाय मुलाला शाळेत घ्यायचं नाही असा कायदा होता. शाळा उघडली की बाई फाटकात उभ्या राहायच्या आणि पोरं ऐटीत बाह्या वर करून आत शिरायची. कोऱ्याला जन्मापासून इसब. तसल्या कातडीला ती लस म्हणजे जिवाशी खेळ, म्हणून डॉक्टरांनी त्याला सूट लिहून दिली होती. ती दाखवायला सोबत थोरली ताई यायची. "याला माफी आहे," असं ती अशा थाटात सांगायची, जणू एखाद्या राजपुत्रालाच पोचवायला आली आहे. नव्या दप्तराचा वास आणि मुठीत ताईची दोन बोटं. इतकं सुख मास्तरांना पुढे क्वचितच मिळालं.

दंड ताईचाही कोराच होता. घरात कुणी टोचून घेतलं तर त्या फोडातून लस कोऱ्याला लागायची भीती, म्हणून त्याच्यापायी तिलाही सूट मिळालेली. पण ताईने नर्स व्हायचं मनात घेतलं आणि तिथे सूट चालेना. टोचून घ्या, नाहीतर घरी बसा.

"मग बस की घरी," बाबा म्हणाले. "आयती सूट आहे. आणि या पोराकडे कोण बघणार?"

आईने ताईसाठी माळ्यावरची पेटी काढली आणि पुसायला घेतली. तेवढ्याने काम झालं. ताईने टोचून घेतलं आणि खपली पडेपर्यंत समोरच्या मावशीकडे, माडीवर राहायला गेली.

कोऱ्याला सगळं नीट समजावलं होतं, आणि त्याने शहाण्यासारखी मानही डोलावली होती. पण समोरच्या खिडकीत ताई दिसायची, हात हलवायची आणि खाली काही यायची नाही. एके दुपारी आईचा डोळा लागलेला बघून पठ्ठ्या रस्ता ओलांडून थेट माडीवर गेला. पावलं ओळखून ताईने धाडकन दार लावलं. तो रडला, दाराला लाथा घातल्या, नाही नाही ते बोलला. आतून एकच उत्तर यायचं, "घरी जा, कोऱ्या." शेवटी मावशीने बखोट धरून त्याला घरी आणलं.

खपली पडली. ताई न्हाऊन, धुतलेले कपडे घालून घरी आली, तर हा फुगून बसलेला. तिने जवळ घ्यायला हात पुढे केले, याने पाठ फिरवली. दुसऱ्या दिवशी ती शिकायला गेली आणि मग कायम पाहुणीसारखीच येत राहिली. ती एक संध्याकाळ आपण फुकट घालवली, याची मास्तरांना अजून हळहळ वाटते. पण इतकी वर्षं राग पुरता गेला नव्हता. बालिशपणा आहे हे त्यांनाही कळत होतं. कळून काय उपयोग?

परवा ताई दुकानात आली. केस पांढरेशुभ्र, जिभेची धार तशीच. तिला उन्हाळ्यासाठी सुती झगा हवा होता.

"बाही कोपरापर्यंत ठेवू?"

"आखूड ठेव. उकडून जीव जातो."

टेप दंडाभोवती फिरली आणि व्रणापाशी येऊन थांबली. मास्तरांच्या तोंडून निघून गेलं, "त्या दिवशी कडी लावून बसलीस. दार जरा किलकिलं केलं असतंस तर काय बिघडलं असतं?"

ताईने चष्म्यावरून पाहिलं. "कसली कडी? मावशीच्या त्या दाराला कडी होतीच कुठे? पाठ लावून बसले होते मी. तू काय लाथा घालत होतास रे! माझी कंबर दोन दिवस धरली होती."

टेप मास्तरांच्या हातात तशीच राहिली. मग लहान पोराने विचारावं तसं त्यांनी विचारलं, "हात लावू?"

"लाव की," ताई म्हणाली. "खपली कधीच पडली, कोऱ्या."