पाच तांब्यांचा गेम

आधीच सांगतो, भगताकडून अंगारा आणणाऱ्यांची मी आयुष्यभर टिंगल केली. डहाणू रोडला माझं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे, दिवसभर डोकं सर्किटमध्ये. भुताखेतांना वेळ कुठला! त्यामुळे हे वाचून हसायचं तर खुशाल हसा.

मला नाद एकच. कुणाला ठाऊक नसलेले छोटे गेम शोधायचे. एखाद्या एकट्या माणसाने घरी बसून बनवलेले... डाउनलोड दहा-बारा, रिव्ह्यू शून्य. त्यातला एखादा भन्नाट निघतो, आणि तो पहिला आपल्याला सापडला याची मजा काही औरच.

2019 च्या जानेवारीत असाच एक मिळाला. बनवणाऱ्याचं नाव नाही, अपलोड 2014 चं, भाषा इंग्रजी. एकच खोली. निळी भिंत, चूल, फळीवर पाच तांबे, आणि चुलीपाशी बसलेली म्हातारी. आपण दाराबाहेर. मधला तांब्या थरथरला की हाक मारून तिला बाहेर काढायचं, नाहीतर भिंत तिच्या अंगावर पडते. हाका यादीतून निवडायच्या. "बाहेर ये", "पळ", "आग लागली"... काहीही म्हणा, ती म्हणते "आले, एक मिनिट" आणि बसूनच राहते! तीसेक वेळा हरलो. दुकानातला पार्टनर केतन वैतागला, "डिलीट कर ना यार, काय डोकं खातो." शेवटी यादीत अगदी खाली एक हाक दिसली — "बकरी भाजीत शिरली". ती निवडली, तर म्हातारी तडक बाहेर! आम्ही दोघं खो-खो हसलो.

आमचं घर तलासरी तालुक्यात, डोंगराकडच्या पाड्यावर. त्या हिवाळ्यात तिकडे भूकंपाचे धक्के चालूच होते. रात्री सगळे अंगणात ताडपत्रीखाली झोपायचे. पण दिवसा बायका आतच रांधायच्या. सवयच झाली होती हो! भांडी वाजली की "आला मेला" म्हणायचं आणि भाकरी उलटायची. आई तर त्यात सगळ्यात पुढे. अंगणात चूल मांडून दिली, तर म्हणे, "वाऱ्याने जाळ लागत नाही, भाकऱ्या कच्च्या राहतात." यावरून आमचे रोज खटके उडायचे.

फेब्रुवारीतला एक सोमवार, दुकान बंद. सकाळचे साडेदहा झाले असतील. मी दारात उभा, आई आत भाकरी थापतेय. सहज फळीकडे लक्ष गेलं. आमच्याकडेही पाच तांबे आहेत, भिंतही निळी. तशी ती पाड्यावर अर्ध्या घरांची असते. चार तांबे गप्प होते. मधला एकटाच थरथरत होता.

पायाखाली काहीच हलत नव्हतं. भिंतीवरचं कॅलेंडरसुद्धा जागच्या जागी. 

"आई, बाहेर ये!"

"आले रे, ही एवढी भाकरी..."

"आई, पळ! धक्का येतोय!"

"कुठे येतोय? रोजचंच तुझं. एक मिनिट थांब."

आत शिरून तिला ओढायला हवं होतं. पण खोटं कशाला बोलू, पाय उचललाच नाही. आणि तोंडातून निघून गेलं — "आई, बकरी भाजीत शिरली!"

शेजारच्या बकरीने आदल्याच आठवड्यात तिची मेथी साफ केली होती. "थांब मेले, तंगडीच मोडते तुझी!" म्हणत आई फुंकणी घेऊन धावली. वाफ्यापर्यंत पोचली असेल-नसेल... आणि जमीन हादरली. मागची भिंत सरळ चुलीवर कोसळली. धूळ खाली बसल्यावर पाहिलं, तिची परात, तिचा पाट, सगळं विटांखाली.

आई वाफ्यात उभी राहून विचारत होती, "अरे, बकरी कुठंय?" मी रडत होतो.

दुसऱ्या दिवशी त्या गेमचं पेज शोधलं, ते नव्हतंच. फोनमधला गेम उघडेना. केतनने तो स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलाय म्हणून बरं, नाहीतर मीच मला वेड्यात काढलं असतं. लोक म्हणतात, भिंत आधीच खिळखिळी होती, बारीक कंप तांब्याला जाणवला असेल. असेल! पण पाचांतल्या एकालाच? आणि बकरीचं काय?

आईला सगळं सांगितलं. गेम म्हणजे काय ते तिला धड कळलं नाही. तरी म्हणाली, "ज्याने हे बनवलं, त्याला जेवायला बोलव." मी म्हटलं, त्याचं नाव-गाव काहीच ठाऊक नाही.

तिने हळूच विचारलं, "त्याची आई आली होती का रे बाहेर?"