आईनं अर्पण केलेले गुडघे

जेवणात मीठ असावं तसा आमच्या घरात 'अर्पण' हा शब्द. लहानपणी पोट दुखलं, की आई आधी ओवा चावायला द्यायची आणि मग म्हणायची, आता उरलेलं दुखणं येशूले अर्पण कर. दुखणं वाया घालवायचं नसतं, ते प्रभूच्या दुःखाला जोडून कुणाच्या तरी भल्यासाठी द्यायचं असतं, हा तिचा ठाम विश्वास. दाढ ठणकली तर एखाद्या आजारी नातेवाइकासाठी, गणितात नापास झालं तर गेलेल्या मावशीच्या आत्म्यासाठी. एका मे महिन्यात कूलरची मोटर जळली, तेव्हा मेकॅनिक येईपर्यंतचा सगळा उकाडा तिनं जगातल्या पाप्यांसाठी देऊन टाकला. नागपूरचा मे महिना, म्हणजे बघा. त्या वर्षी बरेच पापी सुटले असणार. आम्हाला मात्र कुणी विचारलं नव्हतं.

बाबा हे सगळं ऐकून हसायचे. तेही तितकेच भाविक, पण देवाशी त्यांचं मित्रासारखं चालायचं. नागपूरजवळ वाडीला ट्रान्सपोर्टच्या गोदामात ते सुपरवायझर होते. जन्मभर ट्रकवाल्यांवर ओरडून आवाज असा कमावला होता, की त्यांनी घरात चहा मागितला तर शेजारच्या काकू आधण ठेवायच्या. आईची थट्टा हा त्यांचा आवडता धंदा. हिच्या एका डोकेदुखीत चार जण स्वर्गात जातात, असं ते पाहुण्यांना सांगत आणि आई खोटं खोटं रागावे.

मागच्या दिवाळीनंतर त्यांना लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. एवढ्या मोठ्या आवाजातून एकच शब्द उरला, 'बरं'. चहा हवा का, बरं. पाय दुखतो का, बरं. टीव्ही बंद करू की चालू ठेवू, बरं. आम्हाला हसू यायचं आणि हसल्यावर मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. बोलणं थोडंफार परत येईल पण सराव करावा लागेल, असं डॉक्टर म्हणाले. म्हणून स्पीच थेरपीची एक मॅडम दुपारी घरी यायला लागली. मी तेव्हा शाळेत शिकवायला गेलेली असायचे, आई स्वयंपाकघरात. मॅडम आणि बाबा दार लोटून बसायचे.

बाबांना उठवणं, बसवणं, अंघोळ घालणं आईनं स्वतःकडेच ठेवलं होतं. आणि तिचे गुडघे आधीच झिजलेले. हाडांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, की ऑपरेशन करून घ्या, नाहीतर पुढं चालणंच बंद होईल, आणि तोवर गोळ्या चुकवू नका. एकदा जेवताना मी तिला सहज विचारलं, गोळी घेतली का. तिनं वरणाची वाटी माझ्याकडे सरकवली आणि शांतपणे म्हणाली, "मी गुडघा अर्पण केला आहे, तुह्या बाबाच्या बोलण्यासाठी. आता गोळी घेतली तर अर्पण काय केलं?"

माझं टाळकं सणकलं. मी चिडले की शाळेतल्यासारखी बोलते, मुद्देसूद. कूर्चा म्हणजे काय, सूज म्हणजे काय, उद्या तू पडलीस तर बाबांना कोण उचलेल, सगळं तिला समजावलं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "येशूनं क्रुसावर गोळी घेतली होती का वं?" मी आणखी एक पोळी घेतली.

शेजारच्या काकूंना हे कळलं, तेव्हा मला वाटलं, आता एक शहाणं माणूस आपल्या बाजूनं येईल. कसचं काय. काकू मौद्याकडच्या शेतकरी घरातल्या, नवस बोलण्यात आणि फेडण्यात हयात गेलेली. त्यांनी गुडघ्याचा सगळा कारभार नीट विचारून घेतला आणि थक्क झाल्या. आमच्यात काम झाल्यावर फेडतात, तुमच्यात आगाऊच फेडून राहिले वं बाई, म्हणाल्या. देव तर बांधलाच गेला मग. आई त्यांना सांगत होती की हा नवस नाही, हे प्रेम आहे. काकूंनी मान डोलावली आणि जरा थांबून विचारलं, की दुसरा गुडघा मोकळा आहे का. त्यांच्या सुनेला सातवा लागला होता आणि बीपी वाढलं होतं.

आईला कुणाला नाही म्हणता आलं असतं, तर ती माझी आई कशाला झाली असती. डावा गुडघा सुनेच्या नावानं गेला. म्हणजे आता दोन्ही बुक.

मी चर्चमधल्या फादरना घरी बोलावलं. तरुण आहेत, समजावून सांगतात. तारणासाठी प्रभूचं दुःख पुरेसं आहे, आपण आपलं दुःख त्याला प्रेमानं जोडतो, पण ते मुद्दाम वाढवून ठेवायचं नसतं, असं ते म्हणाले. येशूनं आजाऱ्यांना बरं केलं, 'दुखणं जपून ठेवा' असं कुणालाही सांगितलं नाही. माझ्या मनातलंच बोलले. आईनं हात जोडून ऐकलं, त्यांना चिवडा खाऊ घातला, दारापर्यंत लंगडत सोडायला गेली. परत येऊन मला म्हणाली, फादर अजून लहान आहेत.

त्यात काकूंच्या सुनेला सुखरूप मुलगी झाली. काकू पेढे घेऊन आल्या आणि सगळ्यांत आधी आईच्या डाव्या गुडघ्याला हात लावून पाया पडल्या. आई संकोचली, पण तिच्या चेहऱ्यावरचं समाधान मला दिसलं. आता ही ऐकते थोडीच.

गुड फ्रायडेला चर्चच्या आवारात क्रुसाची वाट होती. येशूच्या शेवटच्या वाटचालीची चौदा स्थानं, प्रत्येक ठिकाणी प्रार्थना आणि गुडघे टेकणं. ऊन मी म्हणत होतं. मी बाबांची व्हीलचेअर ढकलत होते आणि आई प्रत्येक स्थानाला फरशीवर गुडघे टेकत होती, माझा हात झिडकारून. येशू प्राण सोडतो त्या स्थानाला सगळे गुडघ्यांवर स्तब्ध राहतात. ती स्तब्धता संपली, लोक उठले, आई उठलीच नाही. चेहरा पांढराफटक, ओठ दाताखाली. मी वाकले तेवढ्यात मागून आवाज आला. जाड, तुटका, पण चांगला मोठा.

"एक मेला ना माह्यासाठी," बाबा म्हणाले. मग दम घेऊन, "तू काहून?"

सगळं आवार वळून बघायला लागलं. फादरांनी पुस्तक खाली घेतलं. मला हसू, रडू, सगळं एकदम फुटलं. वाटलं, जिंकलो आपण, आता तरी ऐकेल. आणि आई? तिला दोन बायकांनी धरून उभं केलं, तर ती घाम पुसत सगळ्यांना सांगत सुटली, की पाहा, बोलले, माझ्या गुडघ्यानं काम केलं. घरी येताना ऑटोत म्हणाली, आता तर गोळीचं नावच काढू नको, थोडं आणखी सोसलं तर चालायलाही लागतील. ते काय बोलले, हे तिनं ऐकलंच नव्हतं. ते बोलले, एवढंच ऐकलं होतं. मी डोकं धरून बसले.

ईस्टरची सुट्टी होती, म्हणून थेरपीची मॅडम आली तेव्हा मी घरीच होते. तिला हे सांगितलं, तर तिला जराही नवल वाटलं नाही. आलं का शेवटी, म्हणाली. मग जे सांगितलं, ते आईही स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. मॅडमनं आधी 'पाणी', 'चहा', 'भूक' हे शब्द काढले होते. रोज लागतात ते. बाबांनी ते म्हणायला साफ नकार दिला. भिंतीवरच्या क्रुसाकडे बोट दाखवायचे, मग स्वयंपाकघराकडे, मग स्वतःच्या गुडघ्याकडे. त्यांना काय म्हणायचं आहे, हे कळायलाच मॅडमला कितीतरी दिवस लागले. मग तेवढ्या दोन वाक्यांवर दोघांनी ईस्टरआधीचा सगळा उपवासकाळ घालवला. एकेका शब्दाला मानेच्या शिरा फुगायच्या, घाम फुटायचा, कधी रडायचे. मॅडम म्हणायची, काका, हे राहू द्या, आधी पाणी मागायला शिका. ते डावा हात आपटून पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे.

आई भिंतीला धरत धरत बाबांच्या खाटेपाशी गेली आणि त्यांचा चांगला हात हातात घेतला.

"लय त्रास झाला का जी?" तिनं विचारलं.

बाबांनी जीभ जुळवायला वेळ घेतला. "हो," म्हणाले.

लकवा झाल्यापासून आई एकदाही रडली नव्हती. ती आता रडली, मोठ्यानं, मॅडमसमोर, लाजलज्जा सोडून. मग पदरानं नाक पुसून, माझ्याकडे न बघता म्हणाली, "हाडाच्या डॉक्टरले फोन लाव."