पितळेच्या पत्र्याची झालर

माझ्या बापाचा माल नापास करायचा, ही माझी नोकरी होती. आता सांगितलं की लोक हसतात, पण त्या काळी मला अजिबात हसू येत नसे. नागपुरात कामठी रोडवरच्या पितळेच्या रोलिंग मिलमध्ये बाबा मशीनवर मिस्त्री होते आणि मी त्याच शेडच्या दुसऱ्या टोकाला तपासणीच्या टेबलावर. त्यांनी लाटलेला पत्रा माझ्यापुढे यायचा. मी तो टेबलावर पसरून तळहात फिरवायचे, आणि वाकडा निघाला की लाल खडूनं फुली. आपलेच दात अन् आपलेच ओठ! मी बी.एस्सी. झालेली, अख्ख्या शेडमध्ये एकटी बाई, त्यात जन्माची भांडकुदळ. आई म्हणायची, "इचं तोंड मशीनपेक्षा जास्त चालते." खोटं नव्हतंच ते. मिलमध्ये मी बाबांना बाबा म्हणत नसे, सगळ्यांसारखी मिस्त्रीच म्हणायचे.

सत्तरच्या दशकातला काळ. घरोघरी स्टीलची भांडी शिरायला लागली होती, पण लग्नात पितळेचा गुंड, म्हणजे पाण्याचा हंडा, दिला नाही तर सोयरे नाक मुरडायचेच. आमचा पत्रा भंडाऱ्याला जायचा, तिथले कासार त्याची भांडी करायचे. पत्रा सपाट नसेल तर भांडं ठोकताना कुठे जाड, कुठे पातळ, आणि पातळ जागी ते फाटायचं.

ज्यांनी रोलिंग मिल पाहिली नाही त्यांनी रसवंतीचा चरक डोळ्यांपुढे आणावा. दोन जाडजूड लोखंडी रोल, एकावर एक. मधल्या फटीतून पितळेची पट्टी जाते आणि पातळ होऊन पलीकडे निघते. फट कमीजास्त करायला डाव्या-उजव्या टोकांना एकेक मोठा स्क्रू. आता गंमत अशी की दाबून दाबून हे रोल तापतात, आणि तापलं की लोखंड फुगतं. डोळ्याला दिसणारही नाही इतकं, पण पातळ पत्र्याला तेवढं पुरतं. रोल मध्ये जास्त फुगला की पत्र्याच्या पोटात लहरी पडतात, आणि रोल थंड असला की काठांना. काठाच्या लहरींना आमच्याकडे झालर म्हणत. परकराच्या झालरीसारखीच दिसायची ती, फक्त कोणाला आवडायची नाही.

म्हणजे सगळा खेळ रोलच्या तावाचा. बाबा सकाळी चांगल्या मालाला हात लावत नसत. "आधी रोलले चहा पाजा गा," असं म्हणून रद्दी पट्ट्या फटीतून काढत बसायचे, रोल चांगले तापेपर्यंत. मग वरच्या पाइपाचा नळ सोडून पाण्याची धार धरायची. मशीन थांबलं की रोलच्या मध्यावर हाताची पाठ टेकवायची आणि ठरवायचं, पाणी वाढवायचं की कमी करायचं. इतकी वर्षं त्या हातानं दगा दिला नव्हता.

त्या साली शेठनं कामगारांसाठी कूलर आणला. कपाटाएवढा, तिन्ही बाजूंनी खस लावलेला. आमच्या शेडमधला पहिलाच कूलर तो! बाबांनीच त्याला कुंकू लावलं, नारळ फोडला, आणि त्याचं तोंड वळवून मशीनच्या डाव्या टोकाकडे केलं, कारण ते स्वतः तिथं उभे राहत. पहिली हवा मिस्त्रीला, यात कोणाला काही वावगं वाटलं नाही. मे महिन्यातल्या नागपुरात कूलरशी वैर धरणारा माणूस अजून जन्मायचा आहे. टाकीत बादल्या ओतायला माणसं आपणहून पुढे यायची.

आणि उन्हं तापली तशी झालर सुरू झाली. सकाळी पत्रा अगदी आरसा. दुपार झाली की उजव्या काठाला झालर. बाबा डावीकडचा स्क्रू आवळायचे, पत्रा सरळ यायचा, आणि जरा वेळानं पाहावं तर आता डाव्या काठाला झालर! पुन्हा स्क्रू सैल करा. पुन्हा उजवीकडे. बेअरिंग पाहून झालं, रोल घासून झाले, पितळेचा लॉट बदलून पाहिला. माझा लाल खडू भराभर झिजत होता आणि प्रत्येक फुली बाबांच्याच नावावर पडत होती. पण वाकड्याला सरळ म्हणायचं तरी कसं?

मग ऑर्डर भरायला फुलीचा मालही चढवलेला ट्रक भंडाऱ्याच्या व्यापाऱ्यानं परत पाठवला. शेठ माणूस वाईट नव्हता, पण धंदा म्हणजे धंदा. तो मशीनपाशी आला आणि सगळ्यांसमोर, आवाज न चढवता म्हणाला, "मिस्त्रीजी, अब उमर हो गयी. हाथ काँपता है आपका. रायपूर से आदमी बुलाया है, सोमवार को आयेगा. आप भंगार के काँटे पे बैठो, आराम से."

मला शेठचा राग आला, आणि बाबांचा त्याहून जास्त आला. घरी भाजीत मीठ कमी पडलं तर घर डोक्यावर घेणारा माणूस, तिथं मान खाली घालून उभा! सायकलवरून आम्ही सक्करदऱ्याला घरी आलो. हातपाय धुऊन ते जेवायला बसले, आणि ताटाला हात न लावता त्यांनी तांब्या काठोकाठ भरला, उजवा हात सरळ पुढे धरला आणि त्यावर तांब्या ठेवला. एक थेंब सांडला नाही.

"कापून राहिला काय वं हात?" त्यांनी मला विचारलं.

"नाही," मी म्हटलं.

"मंग?"

आई पदर डोळ्यांना लावून आत गेली. मला वाटलं, जग जाळून टाकावं.

दुसऱ्या दिवशी दुपारी उजवीकडे झालर घेऊन पत्रा आला तसं माझं डोकं फिरलं. टेबल सोडून मी तडक मशीनपाशी गेले. पत्रा येतो तिथंच उभं राहून पाहायचं ठरवलं. आधी डाव्या टोकाला उभी राहिले. कूलरच्या वाऱ्यानं पदर उडायला लागला, हातातल्या बांगड्या गार पडल्या. मग वळसा घालून उजव्या टोकाला गेले. दोन मिनिटांत मानेवरून घामाच्या धारा. मी तशीच उभी राहिले. एकाच मशीनच्या एका टोकाला मी गारठते आणि दुसऱ्या टोकाला निथळते, तर त्या रोलचं काय होत असेल? डावं टोक गार, म्हणजे आकसलेलं, म्हणजे तिकडे फट मोठी. उजवं टोक फुगलेलं, म्हणजे तिथं पत्रा जास्त दाबला जाणार, जास्त लांबणार आणि लहरणार. बाबा डावीकडे आवळणार. आणि तेवढ्यात टाकीतलं पाणी संपलं की कूलर गरम हवा फेकणार, डावं टोक पुन्हा फुगणार, आणि झालर डावीकडे!

"मिस्त्री!" मी ओरडलेच. "कूलर आहे! हे कूलरचं काम आहे!"

बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मला ऊन लागलंय. "हवेनं लोखंड पातळ होते काय वं?"

"होते!"

"बी.एस्सी. झाली म्हणून बापाले शिकवून राहिली काय?"

"शिकवून राहिली! सोमवारी भंगारात जाऊन बसायचं असेल तर नका शिकू!"

बाबांचे कान लाल झाले. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तसा तो माणूस. आणि तो पीळ माझ्यात आला कुठून, हे सगळ्या शेडला माहीत होतं. मी तरातरा बाहेर गेले, समोरच्या पानठेल्यावरून एक मेणबत्ती घेतली आणि जेवणाची सुट्टी व्हायची वाट पाहत बसले.

मशीन थांबलं, माणसं डबे उघडायला लागली, तशी मी रोलपाशी गेले आणि उजव्या टोकाला मेणबत्ती घासली. मेण तुपासारखं पातळ होऊन खाली ओघळलं. मध्यावर घासली, तिथंही ओघळलं. मग डाव्या टोकाला घासली. तिथं पांढरी रेघ उमटली आणि तशीच राहिली.

डबे तसेच ठेवून माणसं गोळा झाली. बाबांनी हातातली भाकर ठेवली, हात धुतले, पुसले, आणि सावकाश चालत आले. उजव्या टोकाला हाताची पाठ टेकवली आणि चटका बसल्यासारखी मागं घेतली. मग डाव्या टोकाला टेकवली. ती त्यांनी काढलीच नाही. हात तसाच ठेवून उभे राहिले.

"अरे माय," ते म्हणाले. "मी तर मधातच हात लावत होतो."

मग वळून म्हणाले, "कूलर बंद करा."

झालं! गिल्लाच उठला. आमच्या भट्टीवर एक धिप्पाड माणूस होता, तो पुढं झाला. "बाप्पा! मेच्या महिन्यात कूलर बंद? त्यापेक्षा आमालेच भट्टीत टाका ना गा मिस्त्री!" बाकीचे त्याच्या मागं. मी कंबर बांधून भांडायला तयारच होते, पण त्यानं मला हातानं थांबवलं आणि बाबांना विचारलं, "कूलर चालू राहिला तर सोमवारी तुमी भंगारात, असंच ना?"

बाबांनी मान डोलावली.

"तुमी भंगारात बसान अन् आमी इथं हवा खाऊ? तोंडात शेण घालन माही बायको." असं म्हणून त्यानंच जाऊन खटका बंद केला.

ती दुपार मी विसरणार नाही. दारातून नुसती गरम वाऱ्याची लू आत येत होती. माणसांनी ओले दुपट्टे डोक्याला गुंडाळले, मडक्यातलं पाणी संपत आलं. बाबांनी दोन्ही स्क्रू सारखे केले आणि रद्दी पट्ट्या घालायला सुरुवात केली, दोन्ही टोकं एका तावावर येईपर्यंत. मी मेणबत्ती घेऊन शेजारी. पहिला चांगला पत्रा आला, उजव्या काठाला किंचित झालर. दुसरा आला, झालर जरा कमी. आणि मग एक पत्रा आला, भट्टीवाल्यानं तो स्वतः उचलून माझ्या टेबलावर आणला. मी तळहात फिरवला. या काठानं त्या काठापर्यंत हाताला काहीच लागलं नाही. पुन्हा फिरवला, उलट बाजूनं. माझाच माझ्या हातावर विश्वास बसेना. पुढचा पत्रा आणायला सांगितला, तोही सपाट. त्याच्या पुढचाही. टाकी कोरडी पडून झालर बाजू बदलण्याची वेळ टळून गेली, तरी पत्रा सपाटच!

मी किंचाळले. हो, किंचाळले, भर शेडमध्ये, आणि रडलेसुद्धा. भट्टीवाल्यानं चिमटा लोखंडी खांबावर बडवायला घेतला, मग जो तो जे हातात होतं ते बडवायला लागला. आवाज ऐकून शेठ ऑफिसातून धावत आला, त्याला वाटलं अपघात झाला. मी त्याला टेबलापाशी नेलं. त्यानं वाकून, डोळा पत्र्याच्या काठाला लावून पाहिलं. एक पाहिला, दुसरा पाहिला, थप्पीतला मधलाच एक ओढून पाहिला.

"किसने निकाला ये माल?"

"ज्याचा हात कापते त्यानं," बाबा मागून म्हणाले. "चोर सोडून संन्याशाले फाशी देऊन राहिले होते शेठजी तुमी. चोर तो पाहा, खस लावून उभा आहे."

शेठ क्षणभर गोंधळला, मग सगळं ऐकून घेतल्यावर इतका हसला की त्याला खुर्ची द्यावी लागली. जाताना त्यानं बाबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "रायपूर को मना कर देता हूँ." तेवढंच. आमच्यासाठी तेवढं खूप झालं.

कूलर कोणी काढला नाही, नाहीतर मला मारलंच असतं लोकांनी. त्याचं तोंड भट्टीकडे वळवलं आणि मशीनच्या बाजूनं टिनाचा आडोसा उभा केला. भट्टीवाला खूश. वरच्या पाण्याच्या पाइपाचे तीन भाग केले, डावा, मधला, उजवा, प्रत्येकाला वेगळा नळ, म्हणजे रोलचं जे अंग तापेल तेवढंच निववता येईल. आता हा ताव पाहायचा कोणी, असं शेठनं विचारलं, तेव्हा बाबांनी त्याच्याकडे न पाहता स्क्रूला तेल देत सांगितलं, "माही पोरगी पाहते ना."

सोमवारी भंडाऱ्याचा व्यापारी स्वतः आला. बाबांचं मशीन चालू, शेठ आणि व्यापारी शेजारी उभे, सगळी शेड कान टवकारून. पत्रा उत्तम निघत होता. आणि मला त्याच्या पोटात अगदी बारीक लहर दिसली, मध्यावर, यायला नुकतीच लागलेली. दुसऱ्या कोणाला दिसली नव्हती. सांगावं की नाही? व्यापाऱ्यासमोर? एक सांगते, चालू पट्टीत बाबा कोणाच्याही सांगण्यावरून मशीन थांबवत नसत. शेठनं एकदा थांबवायला सांगितलं होतं, तर त्यालाच बाहेर जायला सांगितलं होतं.

"मिस्त्री, थांबा!" मी म्हटलं.

शेठनं श्वास रोखला. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, आणि दांडा ओढला. मशीन थांबलं. त्यांनी दुपट्ट्यानं तोंड पुसलं, नळांपाशी जाऊन उभे राहिले आणि सगळ्या शेडला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं,

"बोला बाई, कोणता नळ सोडू?"