हात पिवळे

"हात तर पिवळे हायेत तुझे! आन् लगीन न्हाई झालं म्हणतो?"

दवाखान्यात रक्ततपासणीच्या खिडकीपाशी शिपाई असं मोठ्यानं बोलला. मागं सारी लाईन. बाया, गडी, लेकरं. माझे हात पिवळे, कारण मी वसमतला आडतीवर हळदीची पोती भरतो. साबणानं जात न्हाई तो रंग. मी खाली बघून म्हणालो, "गुप्तरोगाची तपासणी करायचीय." तपासणीचं सांगत गावोगाव फिरणाऱ्या संस्थेच्या ताईनं तसंच सांगायला लावलं व्हतं. आमच्यासारख्यांनी, म्हणजे गडी असून गड्यासंगं राहणाऱ्यांनी, काही होवो न होवो, दर तीन महिन्याला तपासून घ्यावं, असं तिचं म्हणणं.

शिपायानं मला वरून खालपर्यंत बघितलं. "अस्सं! मग सांग की, तू कुणाचा नवरा? का कुणाची बायको?"

लाईन हसली. बायांनी पदर तोंडाला लावला. सगळ्यात मोठ्यानं कोण हसलं ते मी आवाजावरून वळखलं. आमच्या गावचा बागायतदार. बायकोला दिवस गेलेले, तिला दाखवायला आलता. दोन सालांपासून त्याच्याच शेतातल्या आखाड्यावरच्या खोलीत मी जात व्हतो. तो बोलवायचा तवा.

मी पळालो. रक्त न देताच. कुणाच्या घरी चोरी केल्यावानी पळालो. काहून?

तिथून जी भीती बसली! गावात कळलं का? बापाला कुणी सांगितलं का? जरा अंग तापलं की कपाळाला हात लावून बघायचो. वाटायचं, आला, एड्सच आला. आई विचारायची, "काय रं, काहून वाळून चाललास?" काय सांगू तिला?

मग तळहातावर तांबूस चट्टे उठले. तळपायावरबी. खाज न्हाई, दुखणं न्हाई. आडतीवरचे म्हणाले, "हळद उष्ण असती गड्या. गरमी बाधली." आमच्यात हळदवाल्याच्या अंगावर काहीबी उठलं की ते हळदीवर ढकलतात. मलाबी तेच बरं वाटलं. खोबरेल चोळलं, ताक पिलं. हळदच हाय, हळदच हाय, असं मनाला सांगत राहिलो. पण पायात तर दिवसभर बूट असतो माझ्या. तळपायाला कुठून हळद लागली? हे डोक्यात आलं आन् खोबरेलाची बाटली ठेवून दिली. परत गेलो दवाखान्यात.

तोच शिपाई. "आल्या का नवरीबाई!"

दाराकडं वळलोबी. पण मागच्या वेळी पळून काय मिळवलं व्हतं मी? निस्ती भीतीच की. म्हणालो, "मी नवरी न्हाई, आन् तुमची चेष्टा ऐकायला आलो न्हाई. रक्त द्यायला आलोय. दिल्याबिगर हालणार न्हाई."

आवाज फाटला माझा. आतून समुपदेशक मॅडम आल्या, मला आत घेतलं, दार लावलं.

त्यांनी माझे तळहात उलटेपालटे करून बघितले. रक्त घेतलं. रिपोर्ट आला. एचआयव्ही न्हाई. "पण सिफिलिस आहे," त्या म्हणाल्या. "गरमी म्हणतात ना, ती."

मला रडूच फुटलं. गरमीच निघाली, पण हळदीची न्हाई.

"इंजेक्शननं बरं होतं. एचआयव्ही तीन महिन्यांनी परत बघू. पण ज्याच्याशी संबंध आला त्यानंही तपासायला पाहिजे. लग्न झालंय का त्याचं?"

"बायको पोटुशी हाय त्याची."

मॅडम एकदम सरसावून बसल्या. "मग उशीर नको. तिची तपासणी आधी चांगली आली असली तरी परत करा. तिला लागण झाली असली तर पोटातल्या बाळाला धोका. बाळ दगावूही शकतं."

हे कालचं. इंजेक्शन घेऊन थेट आखाड्यावर गेलो. त्याला सगळं सांगितलं. "दादा, उद्या सकाळी वहिनीला घेऊन दवाखान्यात या. मी दारात थांबतो."

त्यानं गचांडी धरली. "तुझं-माझं काय रे? तोंड उघडलंस तर गावात राहू देणार न्हाई."

तो करू शकतो. माझा बाप त्याच्याच रानात राबतो.

आज सकाळपासून दवाखान्याच्या दारात उभा व्हतो. प्रत्येक गाडी बघितली. दुपार टळली. तो आला न्हाई.

आता गावाची बस लागलीय. चढून राहिलो मी. दांडी घट्ट धरलीय. मार बसंल. बापाचं काम जाईल. आईला सगळं कळंल. कळू द्या. तीन महिन्यांनी परत त्याच लाईनीत उभा राहणार हाय मी, तवा कधी ना कधी कळणारच व्हतं.

वहिनीला येवढंच सांगणार, लेकरासाठी रक्त तपासून घ्या. आन् काहून म्हणून तिनं विचारलं, तर काहून तेबी सांगणार.